शनिवारी दहा वाजता, पोलीस ठाण्यासमोर

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) : फोंडा तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं हे पत्र. दोन वर्षांपासून त्या नवऱ्यापासून वेगळ्या, माहेरी राहतात. घटस्फोटाचा दावा चालू आहे. साडेसहा वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे असतो. कोर्टाच्या अंतरिम आदेशानुसार दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी दहापासून रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत तो म्हापशाला वडिलांकडे जातो. मुलाला सोपवायचं ते वाटेवरच्या एका पोलीस ठाण्यासमोर. शुक्रवार संध्याकाळपासून त्याचं पोट दुखायला लागतं. शनिवारी तो गाडीतून उतरत नाही, आईची ओढणी सोडत नाही. रविवारी परततो तो घुम्म होऊन. वडील बहुतेक वेळा उशिरा येतात, एकदा तर आलेच नाहीत. तीन महिन्यांची पोटगी थकली आहे. तिकडची आजी मुलाला सांगते, “तुझी आई तुला आमच्याकडे सोडत नाही.” सोबत जाणारा ताईंचा भाऊ हल्ली दर वेळी मोबाईलवर व्हिडिओ काढतो, पुरावा हवा म्हणून. आता वडिलांनी चवथीचे पाचही दिवस मुलगा पेडण्याच्या मूळ घरी मागितला आहे. ताईंच्या माहेरी दीड दिवसाचा गणपती असतो. त्या विचारतात, “मुलगा स्वतःच्या तोंडाने ‘जायचं नाही’ म्हणतो. तरी मी पाठवायलाच हवं का? कोर्टाला त्याचं रडणं कुठे दिसतं?” शेवटी जाता जाता एक ओळ आहे : सोमवारी शाळेच्या वाटेवर त्याने विचारलं, पप्पाकडच्या कुत्रीच्या पिल्लांनी डोळे उघडले असतील का.

ताई,

आधी सरळ उत्तर देते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही. हो, आदेश बदलून मिळेपर्यंत पाठवायला हवं. पण आज ज्या तऱ्हेने पाठवताय ती तऱ्हा मोडायला हवी, आणि त्यातलं बरंचसं तुमच्या हातात आहे.

तुमच्या पत्रातली सगळ्यांत मोलाची ओळ तुम्ही शेवटी, घाईत लिहिली आहे. पिल्लांनी डोळे उघडले असतील का. ज्या घरात पाऊल टाकायचं नाही, त्या घरातल्या पिल्लांची काळजी सोमवारी सकाळी दप्तर पाठीवर असताना कशाला करेल तो? एवढ्या एका वाक्यावरून सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही जे धरून चालला आहात, की रडतो म्हणजे त्याला बाप नको आहे, ते एकदा तपासून पाहू.

तो रडतो कधी? शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दहाच्या सुमाराला. घुम्म असतो रविवारी पाचनंतर. म्हणजे जाण्याआधी आणि आल्यानंतर. मधले तीसेक तास तुम्ही पाहिलेले नाहीत, मीही नाही. त्या तीस तासांत तो कदाचित रडतही असेल, पण पत्रात तसं कुठे आलेलं नाही. जे आलंय ते सगळं एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याच्या वेळचं आहे. साडेसहा वर्षांच्या मुलाला “मला तुम्ही दोघं हवे आहात, पण हे मधलं सहन होत नाही” असं वाक्य बनवता येत नाही. त्याला “जायचं नाही” एवढंच म्हणता येतं, आणि पोट दुखतं. ते दुखणं खरं असतं, नाटक नसतं. डॉक्टरांना एकदा दाखवून घ्याच, पण शुक्रवारीच का दुखतं याचं उत्तर औषधाच्या चिठ्ठीत मिळणार नाही.

एक साधी गोष्ट लक्ष देऊन बघा. रविवारी पाचला वडिलांच्या गाडीतून उतरताना तो कसा असतो? तिथेही पाय ओढतो का? बरीच मुलं दोन्ही टोकांना रडतात. आईला सोडतानाही आणि बापाला सोडतानाही. आणि गंमत अशी, की दोन्ही घरं आपापल्या टोकाचं रडणं मोजतात आणि म्हणतात, बघा, तिकडे जायला नको म्हणतोय.

आता तो शनिवार त्याच्या उंचीवरून बघा. पोलीस ठाण्याचं फाटक, बाजूला उभी पोलिसांची जीप. आई सारखी घड्याळ बघतेय. मामा बोनेटला टेकून मोबाईल समोर धरून उभा. पप्पांची गाडी आली की मोबाईल वर जातो. पप्पा ते बघतात, त्यांचा चेहरा बदलतो. कोणी कोणाशी बोलत नाही, किंवा बोलतात ते मोबाईलसाठी. या वयाच्या मुलाला पोलीस म्हणजे काय, तर चोराला धरतात ते. मग इथे धरायचं कोणाला आहे? पप्पांना? मामाला? की तो स्वतःच काही चुकलाय? अशा ठिकाणी मी तर गाडीतून उतरले नसते.

तेव्हा पहिलं काम, भावाला घरी ठेवा. त्याची माया मला कळते. बहिणीची परवड पाहून कुठल्याही भावाचं रक्त तापेल. पण रडणाऱ्या भाच्याच्या व्हिडिओतून न्यायाधीशाला एवढंच दिसतं, की मूल रडतंय आणि मोठी माणसं त्याचं शूटिंग करताहेत. तो पुरावा तुमच्या बाजूचा ठरेलच असं नाही. उशीर, दांडी, परत आणायची वेळ यांची नोंद ठेवायला एक साधी वही पुरते : तारीख, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष आल्याची वेळ, सही. त्याच दिवशी लिहायचं, विशेषणं घालायची नाहीत. “नेहमीसारखा बेजबाबदारपणे” असं लिहू नका, “१०.५५ला आले” एवढंच लिहा. सोबत कोणी हवंच असेल तर ज्याला बघून दोन्ही बाजूंचा पारा चढत नाही असं माणूस न्या. एखादी मावशी, शेजारच्या काकी, तुमची मैत्रीण.

दुसरं काम जागेचं. पोलीस ठाण्यासमोरची जागा बहुधा दावा नवा असताना, दोन्हीकडे संशय पेटलेला असताना ठरते. मारहाणीचा इतिहास असेल तर ती ठीकच. तुमच्या पत्रात तसं काही नाही. मग ती बदलून घेता येते. मला स्वतःला सगळ्यांत आवडणारा पर्याय शाळेचा. तुमच्या मुलाची शाळा शनिवारी सकाळी भरत असेल, तर तुम्ही त्याला रोजच्यासारखं शाळेत सोडायचं, आणि शाळा सुटल्यावर वडिलांनी न्यायचं. आई शाळेत सोडते, यात नवं काही नाही. पप्पा न्यायला येतात, यात बरोबरीच्या मुलांसमोर थोडी ऐटच आहे. आई-बाप एकमेकांसमोर येतच नाहीत. दहाऐवजी दुपार झाली म्हणून वडील कुरकुरतील, तर ते दोन-तीन तास रविवारी वाढवून द्या. घासाघीस करू नका, कारण तुमच्या मुलाचा शुक्रवार त्यात सुटतोय. मुख्याध्यापकांना आदेशाची प्रत आणि कोण न्यायला येणार याचं पत्र आधी द्यायला लागेल. भांडणात कुणाचीही बाजू घ्यायला शाळेला सांगू नका.

शाळेचं जमलं नाही आणि रविवारी परत आणण्यापुरती तरी जागा हवी, तर फोंडा-पणजी रस्त्यावर म्हार्दोळच्या देवळाचं आवार आहे. मंगेशी जवळच, पण रविवारी तिथे पर्यटकांच्या गाड्यांतून मूल शोधायची वेळ येईल. पणजीला पाट्टोवर कृष्णदास शामा राज्य ग्रंथालयात मुलांचा विभाग आहे, वेळा आधी विचारून घ्या. जागा अशी हवी, की एकाला उशीर झाला तर दुसऱ्याला आणि मुलाला बसता येईल, पाणी पिता येईल, काहीतरी बघता येईल. रस्त्याच्या कडेला इंजिन चालू ठेवून पोर या सीटवरून त्या सीटवर सरकवणं तेवढं बंद करा.

तिसरं, तुमच्या तोंडची वाक्यं. तुम्ही लिहिलंय, निघताना तुम्ही त्याला जवळ घेऊन सांगता, “रडू नको राजा, दोनच दिवस, आई इथेच वाट बघत बसलेली असेल.” ताई, यात प्रेम आहे, पण त्याच्या कानाला ते असं ऐकू येतं की मी गेलो तर आई दोन दिवस एकटी बसून राहील. त्यापेक्षा “उद्या संध्याकाळी भेटूया, पिल्लांना माझा नमस्कार सांग” एवढं म्हणा आणि निघा. आपण जितकं रेंगाळतो तितकं रडणं लांबतं. पिशवी शुक्रवारी दुपारीच, तो शाळेत असताना भरून ठेवा. संध्याकाळी त्याच्यासमोर कपडे काढत, सुस्कारे सोडत बसलं की घरभर सुतक पसरतं. कपड्यांचा एक जोड, ब्रश आणि त्याची नेहमीची चादर तिकडेच कायमची राहू द्या. स्वतःच्या वस्तू जिथे असतात तिथे मूल पाहुणं राहत नाही.

रविवारी परतल्यावर उलटतपासणी नको. काय खाल्लंस, कोण आलं होतं, आजी काय म्हणाली, पप्पा फोनवर कोणाशी बोलत होते : या चार प्रश्नांत त्याला कळतं की इकडे खबर द्यायची आहे. मग त्याला गप्प बसणंच बरं वाटतं, आणि त्या गप्प बसण्याला तुम्ही घुम्म म्हणता. आंघोळ, गरम पेज, झोप. जे सांगायचं ते तो सोमवारी, मंगळवारी, शाळेच्या वाटेवर सांगेल. पिल्लांचं सांगितलंच की.

आजीच्या बोलण्याचा राग येणं साहजिक आहे. पण त्याने येऊन सांगितलं, तर “तुझी आजी खोटं बोलते” असं म्हणू नका. त्याला मग दोघींत एक खरी निवडायला लागेल. “आजीला तसं वाटलं असेल. पण तू पप्पाकडे जातोस, हे तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे.” इथे थांबा. हे वाक्य खरं राहायचं असेल तर त्याला दर वेळी जायलाच हवं, हेही तुमच्या लक्षात आलं असेल.

आता कोर्टाचं. गोव्यात लग्न आणि घटस्फोट आजही पोर्तुगीज काळातल्या कायद्यांनी चालतात, १८६७चा नागरी कायदा आणि १९१०चे लग्न-घटस्फोटाचे कायदे. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांनी सांगितलेली कलमं इथे जशीच्या तशी लावू नका, आपल्या वकिलांनाच विचारा. मात्र मुलाच्या बाबतीत कोर्ट बघतं ते इथे-तिथे एकच, त्याचं हित. सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये यशिता साहू विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात म्हटलंय, की मूल ही निर्जीव वस्तू नाही, एकाकडून दुसऱ्याकडे फेकायला. त्याला आई-वडील दोघांचंही प्रेम आणि सहवास मिळायला हवा. ज्याच्याकडे ताबा नाही त्याला व्हिडिओ कॉलवरून मुलाशी बोलता यावं, हेही त्याच निकालात आहे. यातली निम्मी वाक्यं तुमच्या बाजूची वाटतील, निम्मी नवऱ्याच्या. खरं म्हणजे ती मुलाच्या बाजूची आहेत.

तुम्ही आपल्या मनाने पाठवणं बंद केलंत तर काय होईल? समोरचा वकील पुढच्याच तारखेला आदेशभंगाचा अर्ज टाकेल. आजवर उशिरा आला तो, दांडी मारली त्याने, पोटगी थकवली त्याने, आणि कोर्टासमोर चूक दिसेल ती तुमची. ताब्याचा निर्णय पुढे व्हायचा असताना, मुलाला बापापासून तोडणारी आई असा शिक्का कशाला लावून घ्यायचा? पोटगीचंही तसंच. पैसे नाहीत तर मुलगा नाही, हा व्यवहार कोर्ट मानत नाही, आणि उद्या मुलाला कळला तर त्यालाही आवडणार नाही. थकलेल्या पोटगीच्या वसुलीचा स्वतंत्र अर्ज करा, तो जोरात चालवा, पण शनिवारशी त्याची गाठ मारू नका. याच न्यायाने, मुलगा भेटत नाही म्हणून पोटगी रोखून धरणाऱ्या बाप मंडळींनीही हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

मुलाच्या ताब्याचे आणि भेटीचे आदेश दगडावरची रेघ नसतात. परिस्थिती बदलली, मूल मोठं झालं, तर ते बदलून मागता येतात. तुमच्या अर्जात मी एवढ्या गोष्टी घातल्या असत्या : सोपवण्याची जागा बदलावी, शाळेतून नेण्याची मुभा द्यावी, अर्ध्या तासापलीकडे कळवल्याशिवाय उशीर झाला तर ती भेट रद्द धरावी, बुधवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं वडिलांशी व्हिडिओ कॉल असावा. शेवटची मागणी तुम्ही करावी म्हणते, कारण आज तो पप्पांना पंधरा दिवसांनी एकदम भेटतो. मधे एकदा चेहरा दिसला, पिल्लं दिसली, तर शनिवार एवढा परका वाटणार नाही. तो बोलत असताना मात्र तुम्ही दुसऱ्या खोलीत. पडद्याआड उभं राहून ऐकायचं नाही.

वकिलाची फी जड जात असेल, तर स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते, १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने. आपल्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १५१०० हा त्यांचा फोन. दोघांची तयारी असेल तर कोर्टामार्फत मध्यस्थीलाही बसता येतं. तिथे बोललेलं पुढे खटल्यात वापरलं जात नाही, म्हणून माणसं जरा मोकळी होतात.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या बाहेर ठेवते. अंगावर वळ किंवा खुणा, वडील दारू पिऊन गाडी चालवतात असं कळणं, एखाद्या ठरावीक माणसाचं नाव काढलं की मुलाचं थिजणं, वयाला न शोभणारं शरीराबद्दलचं बोलणं : यातलं काहीही दिसलं तर मी वर जे म्हटलं ते बाजूला ठेवा. त्याच दिवशी डॉक्टर, त्याच दिवशी वकील, आणि तातडीचा अर्ज. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, एकदा जे त्याने आपणहून सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. अशा वेळी कोर्ट भेटी थांबवू शकतं, किंवा तिसऱ्या माणसाच्या देखरेखीखाली ठेवू शकतं. तुमच्या पत्रात यातलं काही मला दिसलं नाही, पण हे सदर वाचणाऱ्या प्रत्येकीची गोष्ट तुमच्यासारखी नसेल.

राहिली चवथ. इथे तुमचा राग मला सगळ्यांत जास्त समजतो, आणि इथेच मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूने दोन शब्द बोलणार आहे. गोव्यात मूळ घरची चवथ म्हणजे नुसता सण नव्हे. वर्षभर बंद असलेलं घर उघडतं. मुंबई, बेंगळुरू, आखातातले चुलते येतात. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या चौकटीला, नारळ, सुपाऱ्या, रानातली फळं बांधताना पोरं शिडीखाली उभी राहून एकेक वर देत असतात. घुमट हे मातीचं तालवाद्य वाजतं, आरती कुठवर लांबेल याचा नेम नसतो, आणि चुलत भावंडांची फौज एका चटईवर झोपते. हे तुमच्या मुलाला तुम्ही कितीही माया केलीत तरी तुमच्या माहेरी मिळणार नाही, कारण ती भावंडं तिथे नाहीत. पण तुमच्याकडचा दीड दिवसही त्याचा आहे. आजोबांच्या मांडीवर बसून पूजा बघायची त्याची जागा कोणी दुसरं घेणार नाही.

तुमचा गणपती दीड दिवसाचा आणि त्यांचा पाच दिवसांचा, हे एका परीने बरंच आहे. यंदा चवथीला तो तुमच्याकडे, पंचमीला विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी पेडण्याला, तिथल्या विसर्जनापर्यंत. पुढच्या वर्षी पहिला दीड दिवस पेडण्याला, उरलेल्या दिवसांत तुमच्याकडे. तुमचा गणपती तेव्हा त्याचा चुकेल. ते सोसायला लागेल, जसं यंदा तिकडच्या आजीला सोसायला लागणार आहे. नवरा म्हणेल, यंदा आधी आम्हाला द्या. तर द्या. पहिल्या वर्षावरून वकिलांना भांडवू नका, फक्त आलटून-पालटून हे शब्द लेखी येऊ द्या. दिवाळी, मे महिन्याची सुट्टी, त्याचा वाढदिवस यांचंही त्याच कागदावर आटपून घ्या, नाहीतर दर सणाला हीच रड.

तुमच्या पत्रात न लिहिलेली पण ओळींमधून जाणवणारी एक भीती आहे. तिकडे त्याला जास्त मजा वाटली तर? वाटेलही. महिन्यातून चार दिवसांचा बाप हा मजेचाच असतो. अभ्यास, ताप, दात घासणं, हे सगळं तुमच्या वाट्याला. हे अन्यायाचं आहे आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. एवढंच सुचवते, की एखादा शनिवार तुम्हीही स्वतःसाठी घ्या. बहिणीकडे जा, झोपा, नाटकाला जा. नाटकांना आपल्याकडे तोटा नाही. तो परतल्यावर “तू नव्हतास तर मी काय करणार, बसले होते” याऐवजी सांगायला तुमच्याजवळ काहीतरी असेल.

अर्ज याच महिन्यात करा. चवथीच्या आदल्या आठवड्यात धावाधाव केलीत तर तारीख पुढे जाईल आणि गणपती विसर्जन होऊन जाईल. वकिलांना सांगा, आधी समोरच्या वकिलांशी बोलून संमतीच्या अटी लिहून बघा, नाही जमलं तर अर्ज. सही झाली की एक प्रत शाळेला द्या, एक वहीत चिकटवा. तोवर येणारा चौथा शनिवार जुन्याच जागी आहे. तिथे भावाऐवजी मैत्रिणीला घेऊन जा, आणि गाडी फाटकासमोर नको, थोडी पुढे लावा, जिथून जीप दिसत नाही.